सांडवा

आमच्या कपाटात एक जुने पत्रक जपून ठेवलेले आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत ते छापले. फिकट पिवळा कागद, वरती क्रूसाचे चिन्ह, मध्ये कोरड्या विहिरीचे चित्र आणि त्याखाली ठळक अक्षरांत एक वाक्य : ‘आपण दिलेल्या प्रत्येक रुपयातील शंभर पैसे थेट कामावर खर्च होतील, व्यवस्थेवर एक पैसाही नाही.’ हे वाक्य आम्हीच लिहिले होते. लिहिताना मोठी धन्यता वाटली होती. दात्यांनाही ते फार आवडले. आज मात्र ते पत्रक हाती आले की मान आपोआप खाली जाते. असे का व्हावे, ते वाचकांपुढे मोकळेपणाने ठेवावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिण्यास घेतला आहे.

आमचा अहमदनगर जिल्हा, २०२४ पासून ज्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले, म्हणजे एका नावाखाली नांदणारे दोन मुलूख आहेत. उत्तरेस प्रवरा आणि गोदावरीचे कालवे, ऊस, साखर कारखान्यांची धुराडी. दक्षिणेस पर्जन्यछायेतील माळरान, मुरमाड जमीन आणि आभाळाकडे लागलेले डोळे. २०१२ चा पाऊस रुसला आणि पुढच्या उन्हाळ्यात या दक्षिण भागाची दैना झाली. गावोगावी टँकर धावू लागले, जनावरे चारा छावण्यांत गेली. आमच्या धर्मग्रामाच्या हद्दीतील एका वस्तीवर पिण्याच्या पाण्यासाठी बायाबापड्या हंडे घेऊन रात्रभर टँकरची वाट पाहात बसत. ते दृश्य पाहून आम्ही सात जणांनी एक समिती स्थापन केली. कोणी शिक्षक, कोणी निवृत्त पोस्टमन, कोणी किराणा दुकानदार. मुंबई-पुण्यास नोकरीनिमित्त गेलेल्या आप्तस्वकीयांना पत्रके धाडली. दोन महिन्यांत ३,८६,००० रुपये जमले. लहान समितीच्या मानाने ही रक्कम थोडी नव्हती.

वस्तीच्या वरच्या अंगाला एक ओढा आहे. त्यावर माती नालाबांध घालावा, पाणी अडवावे, म्हणजे खालच्या विहिरींना पाझर फुटेल, असे ठरले. ग्रामपंचायतीचा ठराव झाला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता आमच्या परिचयाचे होते. त्यांनी जागा पाहिली, ओढ्याच्या वरचे सारे रान पायी फिरून घेतले आणि सांगितले, “पाणलोट मोठा आहे. पाया नीट खोदावा लागेल, मध्ये चिकणमातीचा गाभा घालावा लागेल, भराव थराथराने दाबावा लागेल. आणि सांडवा रुंद हवा.” सर्वेक्षण, आराखडा व कामावरील देखरेख यांसाठी त्यांनी १८,००० रुपये मागितले. सांडव्याची खोदाई आणि दगडी पिचिंग यांस आणखी ७५,००० रुपये लागतील, असा त्यांचा अंदाज होता.

ज्या वाचकांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांधाच्या एका अंगाला, माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर, जादा पाणी सुखरूप निघून जाण्यासाठी जी वाट ठेवतात तिला सांडवा म्हणतात. सांडव्यात पाणी साठत नाही. उलट तो पाणी सोडतो. म्हणूनच त्या बैठकीत एका सभासदाने हसत हसत विचारले, “आपण पाणी अडवायला निघालो आहोत की सोडायला?” सारे हसले. तो सभासद म्हणजे आम्हीच.

अभियंत्याचे १८,००० म्हणजे ‘व्यवस्थेवरचा खर्च’. पत्रकात तर एक पैसाही व्यवस्थेवर जाणार नाही असे छापलेले. दात्यांना काय तोंड दाखवावे? आम्ही त्यांना नम्रपणे नकार दिला. यंत्र तासावर ठरवले, यंत्रचालकाच्या अनुभवावर भिस्त ठेवली, सांडवा म्हणून एका बाजूस उथळ चर ओढून घेतला आणि वाचलेल्या पैशांतून बांधाची उंची वाढवली. वीस-बावीस दिवसांत काम उरकले. फादरांनी आशीर्वाद दिला, नारळ फुटला, छायाचित्रे निघाली. जूनच्या पहिल्या पावसात बांधात पाणी चमकू लागले तेव्हा आमच्या डोळ्यांत आनंदाश्रू उभे राहिले. तीही छायाचित्रे दात्यांना पाठवली.

सप्टेंबरातील एका रात्री पाऊस कोसळला. ओढा दोन्ही थड्या भरून आला. उथळ चरास ते पाणी झेपेना. ते बांधाच्या माथ्यावरून वाहू लागले. मातीचा बांध अंगावरचे पाणी पोटात धरतो, पण डोक्यावरून गेलेले पाणी त्याला सोसत नाही. पाठीमागचा उतार धुपत धुपत पाणी माथ्यापर्यंत खात येते आणि मग सारा भराव एका दमात सुटतो. तसेच झाले. सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा बांधाच्या मधोमध बैलगाडी जाईल एवढे भगदाड पडले होते आणि खाली एका विधवा बाईच्या दीड एकरात कापणीस आलेल्या बाजरीच्या जागी वाळू, गोटे आणि चिखल पसरला होता.

ती बाई बांधावर उभी होती. रडत नव्हती. आम्हांस पाहून म्हणाली, “मास्तर, बांध तुमी घातला, पानी देवानं घातलं, पर माती मातर माझी गेली.” थोडा वेळ थांबून पुढे म्हणाली, “घालायच्या आदी येक डाव इचारलं असतं, तर ह्यो ओढा कुठवर येतो ते म्या दाखवलं असतं.” आम्हांस उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

दुसरे संकट याहून निराळे, पण त्याच मुळातून आलेले. मुंबईच्या एका दात्याने, बांध फुटल्याचे ऐकून, हिशेब मागितला. तो त्याचा हक्कच होता. आमच्या समितीने हिशेबनीस नेमला नव्हता, कारण तोही व्यवस्थेवरचा खर्च. आमचे खजिनदार दिवसभर स्वतःचे दुकान सांभाळून रात्री पावत्या एका बिस्किटांच्या डब्यात टाकीत. डबा उपडा केला तेव्हा डिझेलच्या ३१,००० रुपयांचा मेळ लागेना. कामाच्या घाईत रोखीने दिलेले पैसे, न घेतलेल्या पावत्या. त्या गृहस्थांनी एक पैसाही खाल्ला नाही, हे आम्ही शपथेवर सांगू शकतो. परंतु शपथ म्हणजे पावती नव्हे. गावात कुजबूज सुरू झाली. त्यांनी स्वतःच्या खिशातून ती रक्कम भरली, आणि भरली म्हणूनच लोकांचा संशय बळावला. त्यांनी समिती सोडली. महिना हजार-दीड हजार देऊन एखादा लिहिणारा मुलगा ठेवला असता तर एका सज्जनाची अब्रू राखली गेली असती. आम्ही वाचवलेल्या पैशांची किंमत अशी दुसऱ्यांनी मोजली : एकीने मातीने, एकाने नावाने.

या प्रसंगानंतर ‘वरखर्च’ या शब्दाचा आम्ही पुष्कळ विचार केला. शब्दच मुळी फसवा आहे. खरे ते काम, आणि वरचा तो खर्च. म्हणजे नसता तरी चालला असता असा. त्यात काय काय येते? कार्यालयाचे भाडे, वीजबिल, कारकुनाचा पगार, लेखापरीक्षकाची फी, कार्यकर्त्यांचा प्रवास, त्यांचे प्रशिक्षण, जीपचे डिझेल, नोंदवह्या, टपाल. यातील एकही बाब छायाचित्रात दिसत नाही. अन्नाचे ताट दिसते. ते कोणाला मिळाले, कोणाला राहून गेले, याची यादी ठेवणारा दिसत नाही.

आपले पूर्वज या बाबतीत आमच्या समितीपेक्षा शहाणे होते. देवळाला किंवा दर्ग्याला जमीन इनाम दिली जाई तेव्हा सनदेत दिवाबत्ती आणि झाडलोट यांचा उल्लेख असे. नुसती वास्तू उभारून भागत नाही. रोज संध्याकाळी तेथे दिवा लावणारा माणूस हवा, त्याच्या पोटाची सोय हवी, तेलाची सोय हवी, हे त्यांना ठाऊक होते. दिवाबत्तीचा खर्च हा त्या काळचा वरखर्चच. त्याला कोणी उधळपट्टी म्हटले नाही.

आमच्या मिशनच्या संस्थांचा वरखर्च कागदावर नेहमीच अल्प दिसत आला. त्याचे कारणही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. हिशेब लिहिणारे फादर, दवाखाना सांभाळणाऱ्या सिस्टर्स, तुटपुंज्या मानधनावर वाडीवस्ती तुडवणारे कॅटेकिस्ट मास्तर यांच्या श्रमांचा मोबदला कोणत्याच रकान्यात चढत नसे. १९७२ च्या दुष्काळात आम्ही लहान होतो. मिशनच्या आवारात धान्य आणि दुधाची भुकटी वाटली जाई तेव्हा रांगेच्या तोंडाशी एक मास्तर कार्डे तपासून वहीत खुणा करीत बसलेले आठवतात. आम्हा पोरांना त्यांचा राग येई, कारण त्यांच्यामुळे रांग हळू सरके. परंतु त्या वहीमुळेच रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या म्हातारीच्या वाट्याला काहीतरी उरे. त्यांचे श्रम फुकट मिळाले म्हणून त्यांना किंमत नव्हती असे नव्हे. ती किंमत त्यांनी स्वतः आणि त्यांच्या मुलाबाळांनी मोजली. आज संन्यस्त जीवनाकडे वळणारे हात कमी होत आहेत. त्यांच्या जागी प्रपंच असलेली माणसे येत आहेत. त्यांना वेतन द्यावे लागणार, आणि ते हिशेबात दिसणार. म्हणून संस्था बिघडली असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल.

बांध फुटल्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही संगमनेर तालुक्यातील दरेवाडीस गेलो. आमच्याच जिल्ह्यातले, आमच्याच माळरानासारखे गाव. १९९६ ते २००१ या काळात तेथे पाणलोट विकासाचे काम झाले. त्यापूर्वी उन्हाळा लागला की टँकरवर तहान भागवावी लागे आणि शेतीत वर्षाकाठी जेमतेम तीन-चार महिने मजुरी मिळे. कामानंतर तीच मजुरी नऊ-दहा महिने मिळू लागली, असे या कामाचे नोंदकार सांगतात. डोंगरमाथ्यावरील समतल चर, उतारावरची झाडी, शेतांच्या ताली आणि शेवटी ओढ्यावरचे बंधारे अशी माथ्यापासून पायथ्यापर्यंतची रचना आम्ही पाहिली. आमच्या समितीने पायथ्यापासूनच आरंभ केला होता, हे तेथे उभे राहिल्यावर ध्यानात आले. वरून धावत येणारे पाणी वरच थोपवले नाही तर खालच्या बांधाने ते सारे एकट्याने सोसायचे!

या कार्यामागे असलेले फादर हर्मन बाकर हे येशुसंघीय धर्मगुरू मूळचे स्वित्झर्लंडचे. १९४८ साली ते भारतात आले आणि आमच्या जिल्ह्याच्या दुष्काळी मातीशी त्यांनी आयुष्याची गाठ मारली. २०२१ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकारास आला आणि त्यासाठी १९९३ मध्ये ‘वॉटर’ या नावाने ओळखली जाणारी पाणलोट विश्वस्त संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीत क्रिस्पिनो लोबो त्यांच्यासोबत होते. आम्हांस विशेष वाटली ती या कार्यक्रमातील पैशांची मांडणी. गावाने मागणी केली की लगेच बंधाऱ्यासाठी पैसे, असे तेथे नव्हते. प्रथम तयारीचा टप्पा. एक-दीड वर्षाच्या त्या काळात गावाने एका लहानशा क्षेत्रावर काम करून पाहावयाचे, श्रमदान करून दाखवावयाचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावयाची, पाणलोट समिती निवडावयाची, हिशेब ठेवण्यास शिकावयाचे. या टप्प्यासाठी जर्मन तांत्रिक साहाय्याचा स्वतंत्र निधी होता. त्यात गाव उतरले तरच पुढच्या मोठ्या कामासाठी जर्मन विकास बँकेचा पैसा नाबार्डमार्फत मिळे.

म्हणजे काय झाले, ते पाहा. आमच्या पत्रकाच्या भाषेत बोलावयाचे तर हा तयारीचा सारा टप्पा ‘व्यवस्थेवरचा खर्च’ होता. बैठका, सहली, प्रशिक्षण, मोजणी, नकाशे. त्यातून प्रत्यक्ष उभे राहिलेले मातीकाम थोडे. मोजणीसाठी कार्यकर्ते शेतमालकासह, आणि त्याच्या पत्नीसही सोबत घेऊन, एकेका शेतात जात आणि त्या तुकड्यावर काय करावे ते तेथेच ठरे. आमच्या त्या बाईचे वाक्य आम्हांस त्या वेळी आठवले : येक डाव इचारलं असतं! तेथे विचारण्यासाठी पैसे राखून ठेवलेले होते. अकुशल मजुरीच्या सुमारे १६ टक्के वाटा गावाने श्रमदानाने उचलावा असा दंडक होता. भूमिहीन आणि एकट्या बायकांची कुटुंबे त्यातून वगळलेली. काम संपल्यावर देखभालीसाठी निधी राखून ठेवण्याचीही तरतूद होती. चराईबंदीमुळे मेंढपाळांवर ओझे पडते, ते प्रश्न बैठकांतूनच सोडवावे लागतात, आणि बैठकांना वेळ लागतो, म्हणजेच पैसा लागतो. पुढे १९९९-२००० मध्ये नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधी स्थापन झाला, त्यामागे याच अनुभवाची शिदोरी होती.

आमच्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण जामखेडचे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या साध्या, बहुतेक निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. आठवड्यामागून आठवडे त्या जामखेडला येत, शिकत, परत जात, अडचणी घेऊन पुन्हा येत. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये तेथील बालमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ होते. नव्वदच्या दशकात ते तिसाच्या आत आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या काळी कोणी दात्याने ‘बायकांच्या येण्याजाण्यावर आणि बैठकांवर कशाला खर्च? तेवढ्या पैशांची औषधे वाटा’ असा आग्रह धरला असता आणि तो मान्य झाला असता, तर औषधे वाटली गेली असती, दोन वर्षांत संपली असती आणि बालमृत्यू होते तेथेच राहिले असते. शिकलेली बाई गावात राहिली. ती संपली नाही.

आमच्या समितीच्या मनात जो ग्रह होता तोच पुढे कायद्याच्या अक्षरांतही उतरलेला दिसतो. परदेशी देणग्यांविषयीचा २०१० चा कायदा अशा देणगीतील निम्म्यापर्यंत रक्कम प्रशासनावर खर्च करण्यास मुभा देत असे. २०२० च्या दुरुस्तीने ही मर्यादा २० टक्क्यांवर आणली, आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेस असा पैसा देण्यासही बंदी केली. पैसा खाणाऱ्यांना वेसण घालणे हा हेतू असेल तर त्यावर कोण आक्षेप घेईल? परंतु खेड्यातील लहान संस्थांचे हिशेब, अहवाल, प्रशिक्षण यांचे ओझे पूर्वी मोठ्या संस्था उचलीत आणि निधी त्यांच्यामार्फत खाली येई. ती वाट बंद झाली. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या नियमांतही कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापनावर पाच टक्क्यांहून अधिक खर्च नको, असे बंधन आहे.

आणखी एक गोष्ट. प्रशासन कोठे संपते आणि काम कोठे सुरू होते, ही रेघ हिशेबनीस ओढतो. परदेशी देणग्यांच्या नियमांप्रमाणे इस्पितळातील डॉक्टरांचा किंवा शाळेतील शिक्षकांचा पगार प्रशासनात मोडत नाही, हे योग्यच आहे. पण हिशेब लिहिणे, अहवाल तयार करणे, वाहन चालवणे यांचा खर्च प्रशासनात जातो. मग जी संस्था चतुर असते ती आपल्या कारकुनास ‘क्षेत्र-समन्वयक’ म्हणते आणि तिचा वरखर्च कागदावर रातोरात उतरतो. जी सरळ असते ती खरे लिहिते आणि उधळी ठरते. टक्केवारीकडेच पाहणारा दाता नकळत खोट्याला बक्षीस देतो. २०१३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी आम्ही तो बांध घालीत होतो त्याच वर्षी, अमेरिकेत दात्यांना संस्थांची माहिती पुरवणाऱ्या तीन प्रमुख संघटनांनी देशातील दात्यांना एक जाहीर पत्र लिहिले. केवळ वरखर्चाच्या टक्क्यांवरून संस्थेची पारख करू नका, असा त्याचा आशय होता. आणि टक्केवारीचा मापदंड रुजवण्यात यांचाही वाटा होता! आपली चूक उघडपणे दुरुस्त करण्याचे हे धैर्य आम्हांस अनुकरणीय वाटते.

याचा अर्थ वरखर्चाला डोळे झाकून मान तुकवावी, असा कोणी काढू नये. दानाच्या पैशांतून वातानुकूलित गाड्या घेतल्या जातात, गरिबीवर पंचतारांकित चर्चासत्रे भरतात, विश्वस्तांचे भाचे-पुतणे पगारपत्रकावर चढतात, हे सारे आपण पाहिले आहे. परंतु योहानलिखित शुभवर्तमानातील एक प्रसंग येथे आठवतो. बेथानीत मरियेने मौल्यवान सुगंधी तेल प्रभूच्या चरणांना लावले तेव्हा ‘हे विकून गरिबांना का दिले नाही?’ असा प्रश्न यहुदा इस्कार्योताने केला. गरिबांची कणव म्हणून नव्हे, तर थैली त्याच्याकडे असे आणि तीतून तो चोरी करीत असे, असे योहान सांगतो. काटकसरीची भाषा बोलणारा प्रत्येक जण प्रामाणिक असतोच असे नाही. याउलट प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या मंडळीची गोष्ट आहे. रोजच्या वाटपात काही विधवांची हेळसांड होऊ लागली तेव्हा प्रेषितांनी वाटप थांबवले नाही किंवा तक्रार करणाऱ्यांना गप्पही केले नाही. त्यांनी या कामासाठी चांगल्या लौकिकाची सात माणसे निवडून नेमली. वाटप हेच जर काम, तर वाटपाची व्यवस्था हेही कामच, असा निवाडा मंडळीने आरंभीच दिलेला आहे.

मग दात्याने काय विचारावे? आमच्या अनुभवातून आम्ही एवढेच सांगू. ‘वरखर्च किती टक्के?’ हा प्रश्न अवश्य विचारावा, पण तेथेच थांबू नये. ‘तो कशावर झाला?’ हे विचारावे. लेखापरीक्षित हिशेब पाहावयास मागावा. सार्वजनिक न्यासाने तो दरवर्षी करून घेणे कायद्याने बंधनकारकच आहे. ज्यांच्यासाठी काम, त्यांना आधी विचारले होते काय? काम पुरे झाल्यावर पाच वर्षांनी ते कोण सांभाळणार आणि कशातून? गेल्या वर्षी काय फसले? या शेवटच्या प्रश्नाला जी संस्था ‘काहीच नाही’ असे उत्तर देते, तिच्याविषयी आम्ही सावध असतो. आमचेही पत्रक असेच निर्दोष होते.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. आम्ही उरलेल्या सहा जणांनी पदरचे पैसे घालून त्या बाईच्या शेतातील गोटे काढले, तळ्यातील गाळमाती ओढून टाकली. त्या जमिनीला पूर्वीचा कस येण्यास तीन वर्षे लागली. समितीची धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदणी केली. त्याच अभियंत्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. ते हसले आणि दुसऱ्या दिवशी टेप घेऊन हजर झाले. या वेळी ओढ्याची जुनी पूररेषा त्या बाईने काठीने मातीत ओढून दाखवली. अभियंत्यांनी आपल्या मोजमापाशी ती ताडून पाहिली आणि सांडव्याची रुंदी वाढवली. बाई आता समितीवर आहेत. बैठकीला येण्याचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी आम्ही त्यांना देतो, आणि ती ‘प्रशासन’ या रकान्यात लिहितो.

नवे पत्रक काढले तेव्हा त्यात स्पष्ट लिहिले : ‘शंभर रुपयांपैकी बावीस रुपये मोजणी, देखरेख, हिशेब आणि देखभाल यांवर खर्च होतील. त्यांवाचून उरलेले अठ्ठ्याहत्तर वाहून जातात, हे आम्ही अनुभवले आहे.’ काही जुन्या दात्यांनी हात आखडता घेतला. एकाने लिहिले, की पूर्वी तुमच्यात सेवाभाव होता, आता दुकानदारी आली. आम्ही त्यांना फुटलेल्या बांधाचे छायाचित्र आणि पूर्ण हिशेब धाडला. उत्तर आले नाही. मुंबईच्या ज्या दात्याने हिशेब मागितला होता, त्यांनी मात्र दरसालची रक्कम वाढवली.

आमचे जुने खजिनदार परत आले नाहीत. रविवारी मिस्सा सुटल्यावर भेटतात, प्रकृतीची विचारपूस करतात, बांधाचा विषय काढीत नाहीत. आम्ही नव्या हिशेबाची एक प्रत दरवर्षी त्यांच्या दुकानात नेऊन देतो. ते ती घेतात, चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि गल्ल्याखाली ठेवून देतात. गेल्या पावसाळ्यात ओढा पुन्हा भरून आला. आम्ही छत्री घेऊन बांधावर गेलो तेव्हा ते आमच्या आधी तेथे उभे होते. पाणी सांडव्याच्या दगडांवरून खळाळत निघून जात होते आणि बांध जागच्या जागी होता. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, “दगडांच्या पावत्या आहेत ना?” आम्ही म्हटले, “आहेत.”